दोनशे बारा मीटरवरचा सांधा

खाली चुनखडीची खाण, बंद पडून तीस वर्षं झालेली.
वर बर्फ, बर्चची झाडं,
आणि दुपारी तीनलाच आटपणारा फिनलंडचा दिवस.
मधल्या विहिरीत आम्ही बिनदोराची लिफ्ट चढवतो, उतरवतो:
दोन पोलादी तुळया,
आणि त्यांना दोन्ही अंगांनी चिमटीत धरून
वर सरकणारी आठ चाकं.

दोर असता तर त्यानं वजन ओळंब्यासारखं सरळ धरलं असतं.
चाकाला कोण धरणार?
केसाएवढा कल पुरतो. चाक त्या कलानं चालत राहतं,
कुरकुर नाही, आवाज नाही,
आणि शंभर मीटरनंतर कळतं
की आपण तुळईच्या कडेवर उभे आहोत.

म्हणून काइसू लेहतोवारानं प्रत्येक चाकाला एक डोळा दिला.
तो कडेपासूनचं अंतर मोजतो, सेकंदाला हजारदा,
आणि चाकाचा आस वळवतो,
अंशाचा दहावा भाग, कधी विसावा.
पहिल्या आठवड्यात फारच वळवायचा.
डावीकडे गेलं की उजवीकडे हिसका, मग उलटा हिसका,
सायकल शिकणाऱ्या पोरासारखी अख्खी लिफ्ट
मुठी आवळून थरथरत वर आली.
'इतकं घाबरायचं नसतं,' काइसू पडद्याला म्हणाली
आणि एक आकडा निम्म्यावर आणला.

नोंदवही माझ्याकडे असते.
फेब्रुवारीत मी लिहिलं:
तिसरं चाक दोनशे बारा मीटरवर
उजवीकडे मान वळवतं.
सांधा येण्याआधीच.
प्रत्येक फेरीला.
काइसू खूश झाली. 'शिकलं,' म्हणाली.
'तिथं तुळई अर्धा मिलिमीटर सरकलेली आहे,
आता त्याला ते पाठ झालंय. प्रवाशाला काही कळणारही नाही.'

ओइवा केत्तुनेन वेलचीचा पाव कॉफीत बुडवत होता.
तो तसाच राहिला, पाव तुटून कपात पडेपर्यंत.
त्या तुळया त्यानं जोडल्या होत्या.
बावीस हिवाळ्यांपूर्वी,
बोटांना बोल्ट चिकटत होते अशा थंडीत.
'अर्धा?' त्यानं विचारलं.
'अर्धा,' मी म्हटलं.
'आणि इतके दिवस ते चाक माझी चूक झाकतंय?'
'झाकत नाहीये,' काइसू म्हणाली, 'सांभाळून घेतंय.'
'माझी बायकोही असंच म्हणायची,' ओइवा म्हणाला,
आणि कपातला भिजलेला पाव चमच्यानं शोधत बसला.

दुसऱ्या दिवशी तो आमच्याआधी आला.
दिवा, पाना, टोपीवर टोपी.
कुणी पाठवलं नव्हतं, गरजही नव्हती.
सांध्यामागून त्यानं एक पातळ पत्रा ओढून काढला,
त्याच्याच हातचा, कडेला त्याच्याच पेन्सिलची खूण.
तुळई जागेवर बसली. ओळंबा सोडला.
दोरी हलली नाही.

मग आम्ही लिफ्ट सोडली.
दोनशे बारा मीटरवर, सरळसोट पोलादावर,
तिसऱ्या चाकानं उजवीकडे मान वळवली.
जे नव्हतं ते चुकवायला.
लिफ्ट हलकेच अडखळली,
दिवा विझल्यावरही सवयीनं पायरी शोधणाऱ्या पायासारखी.

काइसूनं स्मृती पुसायला हात पुढे केला.
'राहू दे,' ओइवा म्हणाला. 'त्याला कळू दे.'
उलट्या खोक्यावर बसला, हातमोजे काढले,
आणि मोजू लागला.
चौथ्या फेरीत वळण निम्मं.
सातव्यात पुन्हा थोडं वाढलं, का ते कुणालाच कळलं नाही.
अकराव्या फेरीला चाक
त्या जागेवरून सरळ गेलं.

मी वेळ लिहिली. पाच वाजून चाळीस.
बाहेर केव्हाचा अंधार.
ओइवानं तो पत्रा खिशात घातला
आणि उभं राहताना, नेहमीसारखा,
उजव्या गुडघ्यावर हात टेकला.